जहाजावर एकच आजारी

"बाई, डोळे उघडा. अजून जहाज लांब आहे," तोडणकर म्हणाले.

मी लाँचच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून बसले होते. समुद्रकिनाऱ्यावर इतकी वर्षं नोकरी झाली, पण पाण्याची भीती काही गेली नव्हती. मी मूळची सांगोल्याकडची. आमच्याकडे पाणी टँकरमधून येतं आणि टँकरमध्येच शोभतं, असं मी तोडणकरांना नेहमी ऐकवत असे. एरवी ते हसायचे. त्या सकाळी हसले नाहीत.

तोडणकर मुरवंडी बंदराचे निरीक्षक. बंदर म्हणजे तरी काय, खाडीच्या तोंडाशी एक धक्का, एक पत्र्याची शेड आणि कधीमधी सिमेंट घेऊन येणारं एखादं गलबत. मी गावातल्या ग्रामीण रुग्णालयाची डॉक्टर. बंदराला आरोग्य अधिकारी हवा असा नियम होता, म्हणून त्या पदाचा अतिरिक्त कार्यभार माझ्या गळ्यात पडलेला. त्यासाठी मुंबईला प्रशिक्षणही झालं होतं. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम तेव्हा नव्यानेच लागू झाले होते. त्यांची पुस्तिका मिळाली, जेवण उत्तम होतं. मुरवंडीला परदेशी जहाज कशाला मरायला येतंय, असं म्हणून मी ती पुस्तिका डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारून दिली होती. आदल्या संध्याकाळी ती ओढून काढली तेव्हा टेबलावरचा चहा सांडला.

कारण जहाज आलं होतं. हिंदी महासागरातल्या कुठल्याशा बेटाचं, लाकडाचे ओंडके भरलेलं, गंजानं तांबडं झालेलं. वर आजारी माणूस होता. वाटेतल्या दोन देशांच्या बंदरांनी जहाजाला आत घेतलं नव्हतं. डिझेल संपत आलेलं. मी वरिष्ठांना फोन केला, तेव्हा 'स्थानिक पातळीवर योग्य तो निर्णय घ्यावा' असं उत्तर आलं. याचा अर्थ सरकारी नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

मी डोळे उघडले. जहाजाभोवती गावच्या पंचवीस-तीस होड्या कडं करून उभ्या होत्या. खारव्यांची सगळी पुरुषमंडळी पाण्यावर आणि कोणाच्याही हातात जाळं नाही. नुसत्या काठ्या आणि वल्ही.

सगळ्यात पुढच्या होडीत गोदाक्का वासावे उभी होती. नवरा वारल्यावर दोन होड्या स्वतः चालवणारी, मच्छीमार सोसायटीची चेअरमन. तिच्या शब्दाला गावात किंमत होती आणि तिच्या शिव्यांना त्याहून जास्त.

"डाक्टरीणबाय, मागं फिरा," ती ओरडली. "हितं नांगर पडनार नाय."

"अक्का, वर आजारी माणूस आहे."

"म्हनून तर."

मला कळेना. नांगर टाकला काय, न टाकला काय, रोग काय साखळीवरून उतरून येणार होता? तोडणकर खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, यांची जुनी रीत आहे. देवी आणि पटकीच्या काळातली. दुखणं घेऊन आलेल्या होडीने नांगर टाकण्याआधी ओरडून सांगायचं, काय झालंय आणि किती जणांना. आणि एकदा का नांगर गावच्या पाण्यात पडला, की होडी गावची झाली. मग माणसं कुठल्या जातीची, कुठल्या मुलखाची, विचारायचं नाही. त्यांचं दुखणंखुपणं, खाणंपिणं, वेळ आली तर माती, सगळं गावानं करायचं. घरटी पाळी लावून."

"मग ही तर चांगली रीत आहे."

"चांगलीच आहे. म्हणून तर नांगर पडू देत नाहीत."

आदल्या रात्री पुस्तिकेत वाचलेलं मला आठवलं. तिथेही दोन कलमं जवळजवळ होती. बंदराने केवळ आजाराच्या कारणावरून जहाज परतवून लावायचं नाही, आणि कॅप्टनने आजार लपवायचा नाही. जगातल्या झाडून साऱ्या देशांनी ते मान्य केलं होतं. ते वाचताना मला बरं वाटलं होतं. आता त्या काठ्या बघून ते बरं वाटणं कुठल्या कुठे पळालं.

तोडणकरांच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला. कॅप्टनचा आवाज बसलेला होता, घोगरा, शब्द तोडून तोडून येत होते. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच शाळेत शिकलेलं, त्यामुळे आमचं जमलं.

"डॉक्टर, आम्ही आत येत नाही. फक्त नांगर टाकू द्या. पाण्याच्या ओढीनं आम्ही खडकांकडे चाललोय."

ते खरं होतं. मागे दक्षिणेला खडपावर लाटा फुटत होत्या आणि जहाज हळूहळू तिकडे सरकत होतं.

"किती जण आजारी आहेत?" मी विचारलं.

नुसती खरखर. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"एक," तो म्हणाला. "इंजिनवर काम करणारा मुलगा. नोएल."

"काय म्हनतो?" गोदाक्कानं विचारलं.

"एक आजारी आहे म्हणतो."

"एकच? नीट इचारा बाय. आन त्येला सांगा, हितं लोकांना दिसंल असं सांगायची रीत हाय. तुमच्या डब्यातनं नाय."

मी तसं सांगितलं. थोड्या वेळानं जहाजाच्या वरच्या सज्ज्यात एक उंच, सावळा माणूस येऊन उभा राहिला. गळ्याभोवती लोकरीचा मफलर. त्यानं हात वर केला आणि एक बोट उभं धरलं. आधी आमच्याकडे, मग वळून दुसऱ्या बाजूच्या होड्यांकडे, मग पुन्हा आमच्याकडे. बराच वेळ त्यानं ते बोट खाली घेतलं नाही.

होड्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, जाऊ दे खडपावर. कोणीतरी त्याला गप केलं. गोदाक्का त्या बोटाकडे बघत होती. एवढी दांडगी बाई, पण तिचा खालचा ओठ हलत होता, हे मी पाहिलं. घरात तिची दोन नातवंडं होती, त्यातलं एक अंगावर पिणारं.

"एक मानूस," ती शेवटी म्हणाली. "एका मानसाला सुद्दा नाय म्हनायचं, तर मंग आपन तरी कशाला देवाला नारळ देताव? सोडा वाट."

कडं तुटलं. जहाजाच्या नाकाकडून साखळीचा असा खडखडाट झाला की मी कानांवर हात ठेवले, म्हणजे कठडा सोडला. त्या भीतीत मला तेही कळलं नाही.

"पडला," तोडणकर म्हणाले. "चला बाई. आता पाहुणा आपला."

जहाजावर चढायला दोरीची शिडी होती. खाली हिरवं पाणी वरखाली होत होतं, वरून दोन काळे हात मला बोलवत होते, आणि मी मधोमध लटकून मनात माझ्या दोन्ही मुलांची नावं घेत होते. पाण्यापेक्षाही वरच्या दुखण्याची भीती जास्त होती. प्रशिक्षणात काही तापांची चित्रं दाखवली होती, तोंडानाकातून रक्त येणारे, हात लावला तरी चिकटणारे. तीच चित्रं एकामागून एक डोळ्यांपुढून जात होती. दोन मास्क, दोन हातमोजे आणि पावसाळी रेनकोट एवढंच माझं चिलखत.

नोएलची खोली इंजिनाच्या वर होती. दारातच गोडसर, कुजट वास आला. पोरगा विशीतला असेल. श्वास घेताना करवत चालल्यासारखा आवाज येत होता आणि मान जबड्यापासून खांद्यापर्यंत सुजून बैलाच्या मानेसारखी झाली होती. मी त्याचं तोंड उघडलं, बॅटरी मारली. घशात राखाडी, जाड साय धरली होती, ओल्या चामड्यासारखी. चमच्याच्या दांड्यानं कड उचलायला गेले तर रक्त आलं.

घटसर्प.

मला हायसं वाटलं, हे सांगायला मला संकोच नाही. घटसर्प वाईट, जीव घेणारा, पण ओळखीचा. लहानपणी त्याची लस टोचून घेतलेली असते. साध्या गोळ्यांनी त्याचा फैलाव थांबतो. आणि रोग्याच्या अंगात भिनलेलं विष मारायला औषध आहे. कॅप्टन दारात उभा होता, त्याला मी हे सांगितलं.

"म्हणजे याला नाव आहे," तो म्हणाला.

"नाव आहे. औषधही आहे. वेळेवर मिळालं तर वाचेल."

त्यानं भिंतीला टेकून डोळे मिटले. त्याचं नाव सिल्वेन. वय पन्नाशीच्या आसपास, चेहऱ्यावर घाम, आणि डिसेंबरच्या त्या कोवळ्या उन्हातही मफलर गच्च आवळलेला.

"त्या दोन बंदरांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"डॉक्टर आलेच नाहीत. सगळं रेडिओवर."

"तुमचा आवाजही बसलाय."

"रेडिओवर ओरडून ओरडून बसेल नाही तर काय होईल?"

मी सगळ्या खलाशांना डेकवर ओळीत उभं केलं आणि एकेकाचा घसा पाहिला. सगळे स्वच्छ निघाले. सगळ्यांना गोळ्या सुरू केल्या.

"आता तुम्ही," मी कॅप्टनला म्हटलं.

"आधी त्याला खाली उतरवू या. माझी माणसं घाबरलीत, त्याला हात लावत नाहीत. दोर मलाच धरावा लागेल." आणि तो निघून गेलाही.

त्यानं खरंच एकट्यानं नोएलला फळीला बांधलं, दोरानं हळूहळू लाँचमध्ये सोडलं. मी शिडीकडे वळले तेव्हा तो जवळ आला, पण हातभर लांबच थांबला.

"तुम्ही आता त्याला परत आणून सोडणार नाही ना?"

"नाही."

"हे तुम्ही म्हणता की तुमचा कायदा म्हणतो?"

"कायदा. सगळ्या देशांचा आहे तो, तुमच्यासुद्धा."

"त्या दोन देशांचाही असेल," तो म्हणाला.

मी शिडी उतरले.

नोएलला रुग्णालयात ठेवणं शक्य नव्हतं, गावानं ते जाळलं असतं. धक्क्याच्या टोकाला बंद पडलेला बर्फाचा कारखाना होता, तिथे त्याला खाट टाकली. मी पत्र्याच्या शेडमधून फोनामागून फोन केले. विष मारायचं औषध जिल्ह्यात नव्हतं. शेजारच्या जिल्ह्यात नव्हतं. शेवटी मुंबईतल्या एका भांडारात सापडलं.

"मॅडम, नशीब समजा," पलीकडचे भांडारपाल म्हणाले. "हे आता कोणी फारसं बनवतच नाही. पैसेवाल्या देशांत हा रोग उरलेला नाही, मग त्यांना कशाला हवं? आमच्याकडे थोडं आहे ते आम्ही रोग्यागणिक देतो, एक बाटली जास्त नाही. रोगी किती?"

"एक."

"नक्की ना? पुन्हा मागायची वेळ आली तर पुन्हा सगळ्या सह्या, पुन्हा गाडी."

"नक्की. मी स्वतः सगळ्यांचे घसे पाहिलेत," मी म्हटलं.

गाडी संध्याकाळी मुंबईहून निघाली.

गावात तेवढ्यात बातमीला पाय फुटले होते. कोणी म्हणे प्लेग, कोणी म्हणे त्याहून भयंकर. शाळेत पोरं आली नाहीत. माझ्या ओपीडीत चिटपाखरू नव्हतं. माझ्याकडे भांडी घासणारी सुगंधा लांबूनच म्हणाली, "बाई, आठ दिवस येत नाय, राग मानू नका," आणि पळाली. मी राग कसा मानणार? माझीच अवस्था अशी होती की दर थोड्या वेळाने आरशापुढे उभी राहून मी चमच्यानं जीभ दाबून स्वतःचा घसा बघत होते. थुंकी गिळताना जरा खरखरलं की काळजाचं पाणी व्हायचं. नवऱ्याला फोन करून सांगितलं, मुलांना घेऊन सांगोल्याला जा. त्यानं विचारलं, "तू?" मी म्हटलं, माझ्याकडे अतिरिक्त कार्यभार आहे.

गोदाक्कानं मात्र पाळी लावली. पहिली पाळी देवळाजवळच्या घराची होती, त्यांनी दाराला कडी लावून घेतली. तेव्हा गोदाक्का स्वतः पेजेचं भांडं घेऊन कारखान्याच्या फाटकाशी आली. भांडं खाली ठेवून चार पावलं मागे झाली.

"बाय, खरं सांगा. माज्या पोरांना व्हईल?"

"गोळ्या आणि लस देतेय ना मी सगळ्यांना. होणार नाही."

"नक्की?"

"अक्का, नक्की काहीच नसतं."

"हां," ती म्हणाली. "मंग पेज गरम हाय तवर पाजा त्येला."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत औषधाची गाडी आली. थर्मासच्या डब्यात, बर्फात गुंडाळलेल्या बाटल्या, बरोब्बर एका माणसाच्या. नोएलचे ओठ एव्हाना निळसर पडले होते. घोड्याच्या रक्तापासून केलेलं हे औषध काही माणसांना सोसत नाही, म्हणून आधी थेंबभर टोचून पाहिलं. अर्धा तास मी घड्याळाकडे आणि त्याच्या हाताकडे बघत बसले. मग सलाइनमधून हळूहळू सगळं सोडलं.

ते चालू असताना तोडणकर कॅप्टनला लाँचमधून घेऊन आले. मी त्याला खाटेजवळ येऊ दिलं नाही. तो फाटकाच्या आतल्या सिमेंटच्या ओट्यावर, जिथे पूर्वी बर्फाच्या लाद्या सरकवत, तिथे उभा राहून बघत होता. बाटली रिकामी झाली.

"सगळं गेलं का आत?" त्यानं विचारलं.

"गेलं."

"आता परत काढता येणार नाही?"

मला प्रश्न विचित्र वाटला. "नाही. कसं काढणार?"

"ठीक आहे," तो म्हणाला. मग ओट्यावर बसला आणि मफलर सोडायला लागला.

मी आधी त्याचे हात पाहिले, बोटं गाठीशी चाचपडत होती. मग मफलर खाली आला. मान सुजून जबड्याशी एक झाली होती, नोएलच्यापेक्षाही जास्त. तोडणकर दोन पावलं मागे सरकले आणि भिंतीवर आपटले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्याच्या आधीपासून. त्याला माझ्याकडूनच लागलं असेल."

मी त्याचा घसा पाहिला. नाडी धरली. ती मध्येच एखादा ठोका गाळत होती, आणि त्या गाळलेल्या ठोक्यानं मी इतकी घाबरले की जन्मात तशी कधी घाबरले नाही. घटसर्पाचं विष हृदयाला लागलं की डॉक्टरच्या हातात फार थोडं उरतं.

"मला का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलेच. "काल मी दोघांचं औषध मागवलं असतं. ह्याच गाडीतून आलं असतं."

"मागवावं लागतं?" त्यानं विचारलं. "मला वाटलं दवाखान्यात असेल. मला वाटलं, त्याला दिलंत की मग मी सांगेन."

"पण तेव्हाच का नाही? वरून एक बोट दाखवण्याऐवजी दोन दाखवली असतीत तर?"

बोलताना त्याला दम लागत होता, तरी तो सावकाश, नीट बोलला. "पहिल्या बंदराला मी सांगितलं, दोघे आजारी आहोत. ते म्हणाले, पुढे जा. दुसऱ्या बंदरापाशी मला वाटलं, पूर्ण सांगावं म्हणजे त्यांना विश्वास वाटेल. केव्हा सुरू झालं, कोणाला आधी, कोणाला नंतर, सगळं सांगितलं. ते म्हणाले, कॅप्टनच आजारी आहे ते जहाज आमच्या हद्दीत नको. मग इथे आलो, तर तुमच्या लोकांच्या हातात काठ्या. मी म्हटलं, दोघांना कोणी घेत नाही. एकाला कदाचित घेतील."

मी शेडकडे धावले. चप्पल धक्क्यावरच राहिली. भांडारपालांनी बोल लावला नाही, बिचारे सह्यांसाठी स्वतः जिने चढले. दुसरी गाडी निघाली. मी कॅप्टनला नोएलशेजारी झोपवलं आणि हातात होतं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी गाडी आली, तेही औषध मी त्याला दिलं, एक थेंब वाया घालवला नाही. पण विष घुसायचं तिथे घुसलं होतं. त्या संध्याकाळी तो उशीवर जरा उठून बसायला गेला आणि तसाच माझ्या हातावर कलंडला.

नोएल त्याच्याकडे पाठ करून झोपला होता. त्याचा श्वास आता आवाज न करता चालला होता.

गावात ख्रिस्ती माणसाला पुरायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरामागे सुरूच्या झाडांत गोदाक्कानं चार माणसांना खड्डा खणायला लावलं. चौघेही तोंडाला फडकी बांधून, एकमेकांकडे न बघता खणत होते. मी चुना टाकला. जहाजावरचे खलाशी लांब वाळूत उभे राहून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले आणि लगेच लाँचकडे परतले. तोडणकरांनी टोपी काढली. माती लोटून झाल्यावर माणसं निघून गेली, तरी गोदाक्का तिथेच उभी राहिली. तिला राग आला होता, आणि तो राग ती लपवत नव्हती.

"खोटं बोलला," ती म्हणाली. "आमच्या पान्यात उभा ऱ्हावून सगळ्या गावाला खोटं बोट दावलं. रीत काय हाय? आदी खरं सांग, मंग नांगर टाक."

"अक्का, त्यानं दोनदा खरं सांगितलं, दोन्हीदा त्याला हाकललं."

"ते त्या लोकांनी केलं. आमी नाय केलं. आमाला कशाला खोटं बोलायचं? आमच्या एवड्या बायका लेकरं घेऊन हितं बसल्या, त्यांचा काय गुन्हा? घरी पोरांच्या गालावर हात फिरवताना सुद्दा भ्या वाटतंय मला."

तिचं काही चुकत नव्हतं. मला तिच्याशी भांडायचं नव्हतं. पण गेले दोन दिवस एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता, म्हणून मी विचारलं.

"अक्का, त्यानं दोन बोटं दाखवली असती, तर?"

ती समुद्राकडे बघत राहिली. मला वाटलं, ती म्हणेल, तरी पडू दिला असता नांगर, माणूस तो माणूस. मला ते ऐकायचं होतं. तेवढं ऐकलं असतं तर मी घरी जाऊन झोपले असते.

"नसता पडू दिला," ती म्हणाली. "एकाला हो म्हनतानाच माजे पाय कापत व्हते. दोन म्हनाला असता, शिवाय मालकच आजारी हाय म्हनाला असता, तर मीच पयली आडवी झाले असते. खडपावर गेलं असतं जहाज तरी बी."

तिनं पदरानं तोंड पुसलं. आवाज खाली आला.

"म्हंजे त्येनं बरोबरच केलं म्हना की."

मी चुन्याच्या रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"ते पोरगं वाचंल?" तिनं विचारलं.

"वाचेल."

"मंग आज पेज मी देते. आज कोनाची पाळी हाय ते राहू दे." दोन पावलं जाऊन ती थांबली आणि मागे वळली. "आन तुमी, बाय? तो दोन म्हनाला असता, तर तुमी शिडी चढला असता?"

मी सवयीनं मास्क वर ओढला आणि कारखान्याकडे चालू लागले, कारण नोएलच्या दुपारच्या इंजेक्शनाची वेळ झाली होती. काही आठवड्यांनी नोएल बरा होऊन आपल्या देशी गेला. माझी त्यानंतर तीन ठिकाणी बदली झाली, पुढे नोकरीही संपली. नव्या डॉक्टरांना प्रशिक्षण द्यायला मला अधूनमधून बोलवतात, तेव्हा ती दोन कलमं मी तोंडपाठ म्हणून दाखवते. गोदाक्काच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून कोणाला दिलेलं नाही. ते काय आहे हे मला ठाऊक आहे, आणि त्याची मला भीती वाटते.